धूर पडद्यावर, थंडाई हातात : सिटी सेंटरमधले शुक्रवार

ग्वाल्हेरात सिटी सेंटरला एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर या हिवाळ्यात दर शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता अमेरिकन गांजेकसांचे विनोदी सिनेमे दाखवले. तिकीट २५० रुपये. त्यात एक पेय, एक प्लेट खाणं आणि सिनेमानंतर चर्चा. मालिका संपली आहे, पण मालक म्हणतो मागणी आहे, उन्हाळ्यात पुन्हा लावणार. जावं की न जावं हे ठरवणाऱ्यांसाठी लिहितो. घाईत असाल तर एवढंच वाचा : सिनेमांची निवड उत्तम, आवाज बरा, खाणं चांगलं, थंडाई वाईट, आणि दारात हातात ठेवतात ते माहितीपत्रक साफ चुकीचं. या शेवटच्या मुद्द्यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

कॅफेचं नाव देत नाही. मालकानेच हात जोडले. “काका, तुम्ही आबकारीतले, सिनेमे हे असले, नाव लिहिलंत तर लोक भलतंच समजतील.” मी आबकारीतला हे खरं. मोतीमहालात आयुक्तांच्या कार्यालयात कारकुनी केली आणि तिथूनच रिटायर झालो. दारूच्या फायली ज्यांच्या टेबलावर, त्यांचा रुबाब वेगळा असायचा. माझ्याकडे बरीच वर्षं भांगेची दुकानं होती : लायसन, नूतनीकरण, ठेक्याची रक्कम, शेजाऱ्यांच्या तक्रारी. भांगेची फाईल घेऊन साहेबांसमोर उभं राहिलं की साहेब आधी हसायचे, मग सही करायचे. दारूच्या फाईलवर कुणी हसत नसे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आधी जागा. जिना अरुंद आहे, गुडघे कुरकुरत असतील तर सावकाश चढा. पुढे गाद्या आणि लोड, मागे वेताच्या खुर्च्या. तरुण मंडळी पुढे लवंडतात, आमच्या वयाच्यांनी मागची भिंत धरावी. जानेवारीतली इथली थंडी ग्वाल्हेरकरांना सांगायला नको. हीटर एकच, तोही प्रोजेक्टरवाल्या मुलाच्या पायाशी. शाल न्या. पडदा चांगला मोठा, खाली इंग्रजी अक्षरं पिवळी आणि ठळक, त्यामुळे हिलाही वाचता आली. ही म्हणजे आमची सौभाग्यवती. मला एकट्याला असल्या सिनेमाला सोडायचं नाही म्हणून ती पहिल्या शुक्रवारी आली, आणि पुढच्या शुक्रवारपासून माझ्याआधी स्वेटर घालून दारात उभी.

सुरुवात १९३६ च्या ‘रीफर मॅडनेस’ने केली. हे ज्याने ठरवलं त्याला मी पूर्ण गुण देतो, कारण हा विनोदी सिनेमाच नाही. चर्चशी संबंधित मंडळींनी पालकांना सावध करण्यासाठी तो पैसे घालून काढला. मूळ नावाचा अर्थच ‘आपल्या मुलांना सांगा’ असा. शाळकरी पोरं गांजाची सिगारेट ओढतात आणि पाहता पाहता गाडी माणसाच्या अंगावर घालतात, गोळी झाडतात, भ्रमिष्ट होतात, खिडकीतून उडी घेतात. सगळे नट जिवाच्या आकांताने गंभीर. १९३७ साली अमेरिकेत गांजावरचा मारिजुआना टॅक्स अ‍ॅक्ट आला, म्हणजे हवा त्या वेळी तशीच होती. पुढे एका धंदेवाईक निर्मात्याने सिनेमा विकत घेतला, त्यात चटपटीत दृश्यं घातली आणि गावोगाव फिरवला. मग तो विसरला गेला.

१९७२ साली कीथ स्ट्रूप या वकिलाला तो लायब्ररी ऑफ काँग्रेस या तिथल्या सरकारी ग्रंथालयात सापडला. हा स्ट्रूप म्हणजे गांजाचा कायदा बदलावा म्हणून झटणाऱ्या ‘नॉर्मल’ या संस्थेचा संस्थापक. कॉपीराइटची नोंद धड झालेली नव्हती, सिनेमा कुणाच्याच मालकीचा उरला नव्हता. २९७ डॉलर भरून त्याने प्रत घेतली आणि संस्थेसाठी निधी जमवायला कॉलेजांतून दाखवायला लागला. पोरं हसून हसून आडवी झाली. भीती घालायला काढलेला सिनेमा, भीती घालणाऱ्यांच्याच विरोधात, एक फ्रेमही न बदलता वापरला गेला.

सरकारी माणूस म्हणून मला यात फार आश्चर्य वाटलं नाही. व्यसनमुक्तीची भित्तिपत्रकं आम्हीही पाहिली आहेत, कवटी आणि दोन हाडं काढलेली. पोरं त्या भिंतीला टेकूनच चिलीम भरायची.

‘अप इन स्मोक’ला सगळ्यात जास्त गर्दी होती. साल १९७८. चीच मारिन आणि टॉमी चाँग ही जोडी त्याआधी ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून घराघरात गेलेली. ‘बिग बाम्बू’ नावाच्या त्यांच्या १९७२ च्या तबकडीसोबत सिगारेट वळायचा एक अवाढव्य कागद दिला होता. नंतरच्या एका तबकडीला ग्रॅमीही मिळालं. सिनेमाचा दिग्दर्शक लू अ‍ॅडलर हा मूळचा गाण्यांच्या धंद्यातला निर्माता, आणि ते पडद्यावर दिसतं. गोष्ट अशी काही नाही. दोघे जण माल शोधत गावभर हिंडतात, मेक्सिकोतल्या तिहुआनाहून परत येताना एक व्हॅन चालवत आणतात, आणि त्यांना पत्ताच नसतो की ती व्हॅन आतूनबाहेरून गांजाचीच बनवलेली आहे. मागावर सार्जंट स्टेडेन्को, आपल्या पथकासह. सीमेवर पोलीस झडती घेतात ती बिचाऱ्या ननची. शेवटी व्हॅनच पेटते आणि धुराने पोलीसच टुन्न होतात.

मी मनात पंचनामा करत होतो. आपल्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजाची अल्प मात्रा एक किलोपर्यंत, व्यावसायिक मात्रा २० किलोच्या वर. व्यावसायिक मात्रेला किमान दहा वर्षं सक्तमजुरी आणि किमान एक लाख दंड. त्या व्हॅनचं नुसतं एक दार वजनकाट्यावर ठेवलं असतं तरी दोघांचं काम झालं असतं. हे मी जरा मोठ्याने बोललो असणार, कारण लोडावरचा एक मुलगा मान वळवून म्हणाला, “काका, सिनेमा बघा ना.”

सूत्रसंचालन करणारी मुलगी पुण्याला सिनेमाचं शिकून आलेली, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्याच एका मराठी घरातली. एका वाक्यात तीन भाषा, पण बोलते गोड आणि तयारी करून येते. तिने सांगितलं की चीचचे वडील लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्यात होते. हे ऐकल्यावर सिनेमातले ते धांदरट पोलीस मला निराळेच दिसायला लागले. घरात रोज वर्दी पाहणाऱ्याने केलेली ती नक्कल आहे. बाहेरच्याला असं जमत नाही.

तिने एक गोष्ट सांगितली नाही, ती मी उठून सांगितली. टॉमी चाँगला खरोखरच तुरुंगवास झाला. २००३ साली, नऊ महिने. काचेच्या चिलमी आणि पाइप इंटरनेटवरून विकणारी त्यांच्या घरची कंपनी होती, आणि केंद्र सरकारने देशभर अशा विक्रेत्यांवर धाडी घातल्या. शिक्षा मागताना सरकारी वकिलांनी त्याच्या सिनेमांचाही दाखला दिला : याने कायदा राबवणाऱ्यांची टर उडवून पैसा केला. सिनेमा येऊन पंचवीस वर्षं झाली होती, तरी सरकारला तो विनोद पचलेला नव्हता. आणि २०२४ साली त्याच देशाच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ‘अप इन स्मोक’ राष्ट्रीय चित्रपट नोंदीत घेतला, जतन करण्याजोगा ठेवा म्हणून. एका खात्याने आत टाकलं, दुसऱ्या खात्याने कपाटात जपून ठेवलं. शासकीय कामकाजाची माहिती असलेल्या कुणालाही यात विसंगती वाटणार नाही.

आता माहितीपत्रक. दोन पानी, रंगीत, कोपऱ्यात पाच बोटांचं हिरवं पान. त्यात लिहिलं होतं की हिप्पी चळवळीतून आलेला हा विनोद आपल्याकडे रुजला नाही, कारण भारतात भांग-गांजावर संपूर्ण बंदी आहे आणि आपला समाज या बाबतीत सनातनी आहे. दोन्ही विधानं चूक. खात्याची नोकरी सुटली तरी चुकीच्या टिपणीवर शेरा मारायची सवय सुटत नाही, म्हणून मी चर्चेत हात वर केला.

एनडीपीएस कायदा १४ नोव्हेंबर १९८५ ला लागू झाला. मी खात्यात लागलो तेव्हा तो नवाकोरा होता. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे, फळोऱ्याचे शेंडे. चरस म्हणजे राळ. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. भांग पानांची होते. म्हणून चरस-गांजाला तुरुंग आणि भांगेला, मध्य प्रदेशात, सरकारी लायसन. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने गांजा-चरस बंद करायला भारतासारख्या देशांना पंचवीस वर्षांची मुदत दिली होती, आणि त्या करारातूनही पानं बाहेरच होती. त्याआधी तर गांजाही ठेक्याच्या दुकानात मिळायचा. माझ्या आधीचे बाबू त्या दुकानांच्या हिशेबवह्यांच्या गोष्टी सांगत. त्याच्याही मागे जायचं तर १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारने एक मोठं कमिशन बसवलं होतं, फक्त भांग, गांजा आणि चरस यांच्यासाठी. हजाराहून जास्त साक्षी काढल्या, जाडजूड खंड छापले आणि निष्कर्ष असा की बेताने घेणाऱ्यांना फारसं नुकसान दिसत नाही, सरसकट बंदी नको. साहेबांनी एवढं गंभीरपणे लिहिलेलं वाचून मात्र कुणी हसलं नाही.

आणि विनोद रुजला नाही म्हणणं म्हणजे कमालच. ‘अप इन स्मोक’ अमेरिकेत लागला त्याच वर्षी, १९७८ साली, आपल्याकडे ‘डॉन’ लागला होता. त्यातलं बनारसी पानाचं गाणं भांगेच्या तारेतच आहे, आणि ते आजही लग्नाच्या वरातीत नवरदेवाचे काका नाचून म्हणतात. त्याच्या चार वर्षं आधी ‘आप की कसम’मध्ये नायक-नायिका महाशिवरात्रीला भांग पिऊन देवळाच्या पायऱ्यांवर नाचले, आणि ते गाणं लोक भजनाच्या चालीवर टाळ्या वाजवत ऐकतात. उज्जैनला महाकाळाचा भांगेने शृंगार होतो, लोक रांगा लावून दर्शन घेतात. त्याच उज्जैनला दर १ एप्रिलला टेपा संमेलन भरतं, नावाजलेल्या माणसांना बोलावून गंभीर चेहऱ्याने त्यांची फजिती करायची म्हणून. माळव्यातला माणूस या बाबतीत अमेरिकेकडून काही शिकायला बसलेला नाही.

तरीही दोन विनोद एक नव्हेत, आणि हा फरक मला मोतीमहालातल्या टेबलामुळे कळतो. चीच आणि चाँग पोलिसांना घाबरून पळतात म्हणून हसू येतं. आपल्या भांगेमागे पोलीस लागत नाही, तिथे रागावणारी असते ती आजी. होळीला पोटात दोन पेले गेलेला जावई एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलतो, आजी त्याला दटावते, सगळं घर हसतं. दुसऱ्या दिवशी विषय संपला. कुणी चळवळ काढत नाही, कुणी केस वाढवत नाही, कारण ज्याच्याविरुद्ध वाढवायचे तोच लायसन देतो. या विनोदाला कुणीतरी मनापासून रागावणारं लागतं. अमेरिकेत ते काम सरकारने अंगावर घेतलं, १९७० च्या कायद्याने गांजाला सगळ्यात कडक यादीत घातलं आणि राष्ट्राध्यक्षांनी युद्धाची भाषा केली. विनोदी नटांना याहून चांगला खलनायक कुठे मिळणार होता? साहेब भांगेच्या फाईलवर हसून सही करायचे, तेव्हा त्यांच्या सहीनेच त्यातला बंडाचा जीव निघून जायचा.

इथे एक सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. गांजाच्या केसमध्ये पकडलेली पोरं मी पाहिली आहेत. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. वीस-बावीस वर्षांचं पोर, दुसऱ्याचं पोतं पोचवायला निघालेलं, आणि बाहेर बाकावर त्याची आई. धंदा करणारा कधी त्या बाकाजवळ फिरकत नसे. सिनेमा पाहताना हे डोक्यातून जात नाही, आणि जाऊ नये.

मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “काका, मग बंदी उठली की हे सिनेमे संपणार?” प्रश्न बिनतोड होता. कोलोराडो आणि वॉशिंग्टन या राज्यांत २०१२ मध्ये मतदानाने मोकळीक झाली. चीच-चाँग ज्या लॉस एंजेलिसमध्ये जीव मुठीत धरून हिंडले, त्या कॅलिफोर्नियात २०१८ पासून दुकानात रांग लावून, कर भरून माल घेता येतो. माझं उत्तर असं की जुनी गंमत जाईल. पावती मिळाली की पळायचं कशाला? तिला हे पटलं नाही. तिच्या मते माणसाचा आळस हा विषय कायद्यापेक्षा टिकाऊ आहे. पुढचा सिनेमा तिच्या बाजूने गेला, हे मान्य करतो.

तो ‘द बिग लेबॉव्स्की’, १९९८, कोएन बंधूंचा. गांजा यात आहे, पण तोंडी लावण्यापुरता. खरी गोष्ट आहे काहीही न करणाऱ्या माणसाची. जेफ ब्रिजेस अंगावर झगा, पायात सपाता अशा वेशात दुकानात जातो आणि दुधाच्या डब्यासाठी ६९ सेंटचा चेक लिहितो. मी कारकून, मला हे दृश्य सगळ्यात जास्त आवडलं. त्याच्या घरात घुसून कुणीतरी त्याचं जाजम खराब करतं, आणि त्या जाजमाची भरपाई मागायला तो बाहेर पडतो, एवढ्यावर पुढे अपहरण, खंडणी आणि काय काय. मालिबूचा पोलीसप्रमुख चिडून त्याला कॉफीचा मग फेकून मारतो. म्हणजे रागावणारे इथेही आहेत, पण ते त्याच्या झुरक्यावर रागावत नाहीत. हा माणूस घाईत का नाही, याचा त्यांना राग येतो. सिनेमा लागला तेव्हा फार चालला नाही. मग २००२ पासून केंटकीतल्या लुईव्हिलला त्याची जत्रा भरायला लागली, लोक झगे घालून यायला लागले, त्याच्या नावाने एक पंथही निघाला, आणि २०१४ मध्ये तोही त्याच राष्ट्रीय नोंदीत गेला. ही म्हणाली, “असा माणूस पाहायला मजा येते, कारण त्याच्याशी लग्न दुसऱ्या कुणाचं तरी झालेलं असतं. याचं तर तेही झालेलं नाही.”

‘फ्रायडे’ला गर्दी कमी होती आणि तो चुकवणाऱ्यांनी हळहळावं असा सिनेमा आहे. १९९५, दिग्दर्शक एफ. गॅरी ग्रे, आइस क्यूब आणि क्रिस टकर. लॉस एंजेलिसच्या काळ्या वस्तीतली एक गल्ली, एक दिवस. नायकाला चक्क सुट्टीच्या दिवशी नोकरीवरून काढलंय. तो आणि त्याचा दोस्त घरासमोरच्या ओसरीवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांवर शेरे मारतात, बस. लष्करातल्या जुन्या वाड्यांच्या ओट्यांवर आमच्या लहानपणी जो दरबार भरायचा तो असाच, फक्त आमच्याकडे पानसुपारी. पोलीस इथे जवळपास नाहीतच. भीती आहे ती २०० डॉलरची उधारी वसूल करायला बसलेल्याची आणि सायकली हिसकावणाऱ्या गल्लीतल्या दांडगटाची. बाप मुलाला पिस्तूल खाली ठेवायला सांगतो, तो प्रसंग आला तेव्हा लोडांवरची कुजबुज थांबली. या प्रकारच्या सिनेमात एवढा शहाणा बाप मी दुसरा पाहिला नाही.

२००८ चा ‘पाइनॅपल एक्स्प्रेस’ही दाखवला. गोळीबार फार. पुढे चला.

‘हॅरल्ड अँड कुमार’ (२००४) इथल्या पोरांचा. न्यू जर्सीतले दोन मित्र, एक कोरियन घरातला, एक पटेल. रात्री त्यांना भूक लागते आणि व्हाइट कॅसलचे छोटे चौकोनी बर्गरच हवे असतात. सगळा सिनेमा म्हणजे तिथवर पोचायची रात्र. पटेलाच्या वडिलांना त्याला डॉक्टर करायचंय, आणि तो मेडिकलच्या मुलाखतीला जाऊन मुद्दाम घाण करून येतो. ग्वाल्हेर गावात, गजराजा मेडिकल कॉलेज असलेल्या गावात, नीटच्या क्लासला जाणारी निम्मी पोरं बसलेली. त्या दृश्याला जो हशा पिकला तो अमेरिकेत पिकला नसेल. काही हशा फार आतून आलेला होता. एका मुलाचे वडील माझ्या शेजारीच बसले होते, ते हसले नाहीत. मग पोलीस येतो, रस्ता चुकीच्या जागी ओलांडला म्हणून हॅरल्डला अडवतो, प्रकरण हातघाईवर जातं, आणि कोठडीत एक काळा माणूस शांत बसलेला असतो, आपल्याला का आणलंय हे पुरतं ठाऊक असलेला. चीच-चाँगच्या पोलिसावर हसू येतं. या पोलिसावर हसताना थोडं अडकायला होतं, आणि माझ्या मते पंचवीस वर्षांत या प्रकारात पडलेली सगळ्यात मोठी भर हीच. कुमारचं काम करणारा काल पेन, म्हणजे कल्पेन मोदी, २००९ मध्ये ओबामांच्या व्हाइट हाउसमध्ये नोकरीला गेला. टॉमी चाँग कोठडीत, कल्पेनभाई व्हाइट हाउसात, मध्ये सहा वर्षं.

खाण्याचं इथेच सांगतो, कारण त्या दिवशी कॅफेने कमाल केली. चौकोनी पावात कांदा घालून वाफवलेली बटाट्याची टिक्की, एका प्लेटीत चार. काल पेन तेव्हा स्वतः शाकाहारी, सिनेमातही त्याने शाकाहारी बर्गरच खाल्ले, त्यामुळे बामणांना शंका नको. इतर शुक्रवारी गरम कचोरी, हिरवी चटणी, आणि वर मुरैन्याची गजक. गजक ताजी, दाताला चिकटत नाही, तिळाचा खमंग वास. २५० मध्ये हे पुरेसं आहे.

थंडाईचं मात्र काय करायचं? एक तर जानेवारीत, शाल गुंडाळून, बर्फ घातलेली थंडाई. वर ती हिरवी. पिस्त्याचा रंग घातलाय, आणि सगळी पोरं एकमेकांना कोपर मारत पेला नाकाशी नेतात. मी वास घेऊन सांगतो, निश्चिंत प्या : बडीशेप आहे, गुलाब आहे, मिरी नावाला, खसखस नाही, मगज नाही, आणि जे नाही म्हणून तुम्ही हिरमुसला आहात तेही नाही. भांगेची चव कडवट, पाल्याची असते, ती लपवायलाच मिरी आणि बदाम एवढे घालायचे असतात. ते नसेल तर एवढा फिका प्रकार प्यायचा कशाला? मालकाला म्हटलं, आल्याचा चहा दे, हिवाळ्यात लोक दुवा देतील. “काका, थीम आहे ना,” म्हणाला. थीमला सर्दी होत नाही.

चर्चा अर्ध्या तासाची म्हणतात, तासभर चालते. सुरुवातीला दोन-तीन मुलं इंग्रजीत लांबलचक बोलतात, ती बोलून झाली की रंग भरतो. सूचना एवढीच की लॅपटॉपवरून तसबिरी दाखवण्यापेक्षा त्या जुन्या तबकड्यांतला एखादा तुकडा ऐकवला असता तर बरं झालं असतं. हे विनोद आधी कानांचे होते, डोळ्यांचे नंतर.

सगळ्यात चांगला प्रश्न हिचा होता. शेवटच्या शुक्रवारी उठून म्हणाली, “एवढे सिनेमे दाखवलेत. यात बायका कुठे आहेत? एक तर आई, नाहीतर शेजारीण, नाहीतर हे पाहून पळून जाणारी. धुंद व्हायचं, सोफ्यावर पडायचं, जगाला हसायचं, सगळं पुरुषांनीच. उठून दार उघडायला कोण जातं?” टाळ्या पडल्या. संचालिकेने प्रामाणिकपणे मान्य केलं की या मालिकेत हे राहून गेलं, आणि सांगितलं की असा एक सिनेमा आहे, ‘स्मायली फेस’, २००७ चा, अ‍ॅना फॅरिसचा, त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत बाईच हे सगळं करते. मालकाने वहीत लिहून घेतलं. तो पुढच्या मालिकेत आला तर आम्ही दोघं आहोत. गाडी मागच्या गल्लीत लावा, पुढे नो पार्किंगवाले उचलून नेतात. आणि मे महिन्यात वरच्या मजल्यावर एसी बसलाय का, हे तिकीट काढण्याआधी फोन करून विचारा.